कर्ज उदगीरला, खटला चेन्नईला

प्रति,
मा. सचिव, वित्तीय सेवा विभाग, अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

विषय: छोट्या कर्जदारांवरील चेकचे खटले त्यांच्या जिल्ह्याबाहेर चालवले जाण्याबाबत

महोदय,

मराठवाड्यातल्या तालुका न्यायालयांत वकिली करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी ज्याच्यासाठी आम्हाला सर्वांत कमी करता येते, तो म्हणजे परराज्यातल्या न्यायालयाचे समन्स हातात घेऊन आलेला कर्जदार. कर्ज दुचाकीचे, जुन्या ट्रॅक्टरचे नाहीतर किराणा दुकानाच्या भांडवलाचे. फायनान्स कंपनीची शाखा तालुक्याच्या गावी, सह्या तिथेच झालेल्या, हप्ते नेणारा माणूसही तिथलाच. समन्स मात्र चेन्नई, कोलकाता, दिल्ली नाहीतर चंदीगडचे. तारखेला आठ-दहा दिवस उरलेले असतात. खटला लढवायचा की मुकाट पैसे भरायचे, हा निर्णय त्याने पुराव्यावर घ्यायला हवा. तो घेतो रेल्वेच्या तिकिटावर. ही स्थिती कायद्यातल्या एका तरतुदीमुळे आणि त्या तरतुदीच्या वापरावर कुणाचीच देखरेख नसल्यामुळे आली आहे. तरतूद आपल्या विभागाकडच्या कायद्यातली आहे आणि देखरेख रिझर्व्ह बँकेची आहे, म्हणून पत्र दोघांनाही.

दिवाणी दाव्याचा मूळ नियम सरळ आहे. जमिनीचा वाद जमीन जिथे आहे तिथे. बाकीचे दावे प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर दाव्यास कारण जिथे पूर्णतः वा अंशतः घडले तिथे. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमे 16 ते 20 हेच सांगतात. आमच्याकडच्या प्रत्येक दाव्याच्या शेवटी 'दाव्यास कारण अमुक मुक्कामी घडले असून ते या न्यायालयाच्या स्थळसीमेत आहे' हे वाक्य असतेच. फौजदारीतही गुन्हा जिथे घडला तिथेच चौकशी आणि खटला, हा सर्वसाधारण नियम आहे. यामागचे कारण व्यवहारी आहे. साक्षीदार, कागद आणि माहिती असलेली माणसे घटनेच्या जागी असतात. ज्याला न्यायालयात खेचले जाते त्याला निदान तिथवर पोचता यावे, हाही त्यामागचा विचार आहे.

चेक न वटल्याच्या गुन्ह्यात हा नियम दोनदा उलटापालटा झाला. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने के. भास्करन प्रकरणात म्हटले की चेक लिहिणे, तो बँकेत सादर करणे, तो परत येणे, नोटीस देणे आणि पैसे न देणे ही पाच कृत्ये जिथे जिथे घडतील त्यांपैकी कुठेही फिर्याद चालेल. त्याचा गैरवापर झाला. केवळ वकिलाने नोटीस दिल्लीहून पाठवली म्हणून दिल्लीत फिर्यादी होऊ लागल्या. 1 ऑगस्ट 2014 रोजी दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने ते बंद केले आणि चेक देणाऱ्याची बँक जिथे आहे तिथेच खटला, असे ठरवले. लगेच उलट्या बाजूने ओरड झाली. जून 2015 मध्ये वटहुकूम निघाला, मग सुधारणा कायदा झाला, आणि परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे चेकच्या कायद्यात, कलम 142(2) आले. आता चेक खात्यामार्फत वटवायला दिला असेल, तर ज्याच्या नावाने तो आहे त्याचे खाते ज्या शाखेत आहे, तिथले न्यायालय. त्याखालच्या स्पष्टीकरणात असेही आहे की चेक त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत भरला, तरी तो मूळ खात्याच्या शाखेतच दिला असे मानायचे.

ही सुधारणा रद्द करा, असे आम्ही म्हणत नाही. नाशिक किंवा तासगावचा द्राक्ष बागायतदार परराज्यातल्या व्यापाऱ्याला माल देतो, व्यापारी चेक देतो, चेक परत येतो. अशा माणसाला व्यापाऱ्याच्या गावी जाऊन फिर्याद करायला सांगणे म्हणजे त्याचे पैसे बुडाले असे सांगणेच आहे. त्याचे खाते निफाडला असेल तर खटला निफाडला चालावा, हे न्याय्यच आहे. 2015 ची सुधारणा अशा माणसाच्या उपयोगाची आहे आणि ती राहिली पाहिजे.

अडचण अशी, की त्याच ओळीचा आधार देशभर शाखा असलेली वित्तसंस्था घेते. बागायतदाराचे खाते त्याच्या गावी असते, कारण तो तिथे राहतो. वित्तसंस्थेचे वसुली खाते कुठे असावे, हे तीच ठरवते. कर्ज ज्या जिल्ह्यात दिले त्याच्याशी त्या खात्याचा काही संबंध असावा, अशी कायद्यात अटच नाही. कर्जदाराचा चेक लातूरच्या शाखेत भरला जातो. चेक ट्रंकेशन पद्धतीमुळे कागद तिथेच थांबतो, पुढे जाते ती फक्त प्रतिमा. चेकवर चेन्नईत कुणी हातही ठेवलेला नसतो. तरी कायद्याच्या नजरेत तो चेन्नईत दिलेला असतो, आणि गुन्ह्याच्या जागेचा निर्णय आरोपीने नव्हे, पोलिसांनीही नव्हे, तर फिर्यादीने खाते उघडताना घेतलेला असतो.

आमच्या तक्रारी अशा आहेत.

पहिली पुराव्याची, आणि आमच्या मते हीच सर्वांत गंभीर. अशा खटल्यांतला चेक बहुधा कर्ज देताना घेतलेला, सही केलेला कोरा चेक असतो. त्यावर पुढे संपूर्ण थकबाकी भरली जाते. कोऱ्या चेकवर दुसऱ्याने रक्कम भरली तरी चेक देण्यापोटीच दिला असे मानणारे, चेकच्या कायद्यातले कलम 139 चे गृहीतक लागू होते, हे 2019 च्या बीर सिंग निकालाने स्पष्ट आहे. म्हणजे देणे नव्हते किंवा कमी होते, हे आरोपीला दाखवावे लागते. दाखवण्यासारखे पुष्कळांकडे असतेही. 2022 मध्ये दशरथभाई पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली असेल आणि तिची नोंद चेकवर न करता चेक पूर्ण रकमेसाठी सादर केला असेल, तर कलम 138 चा, म्हणजे चेक न वटल्याचा, गुन्हा होत नाही. हा बचाव छोट्या कर्जदारासाठी सोन्यासारखा आहे. पण तो सिद्ध कसा करायचा? रोख हप्त्यांच्या पावत्या, गावच्या बँकेचे खातेउतारे, हप्ता नेणारा स्थानिक वसुली प्रतिनिधी, गाडी ओढून नेली तेव्हा हजर असलेले शेजारी. यातले सगळे उदगीरला आहे. फिर्यादीच्या बाजूने मात्र कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी त्याच कायद्याच्या कलम 145 खाली शपथपत्र देतो. त्याने तो कर्जदार कधी पाहिलेलाही नसतो. खटल्याची जागा बदलली की पुरावाच बदलतो, तो असा.

दुसरी हजेरीची. उदगीर ते चेन्नई एका बाजूने साधारण आठशे किलोमीटर. एका तारखेसाठी दोन रात्री प्रवासात, एक दिवस न्यायालयात. तिथला वकील वेगळा, त्याच्याशी बोलायची भाषा वेगळी, खालच्या न्यायालयाची भाषा तमिळ. न्यायाधीश रजेवर असतील तर तारीख तशीच पुढे जाते, आणि ते घरी बसून आधी कळत नाही. चेकच्या कायद्याचे कलम 143 म्हणते की खटला सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात तो किती तारखा घेतो, हे आम्ही आपल्याला सांगायला नको. दोन तारखा चुकल्या की आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट निघते, आणि मुळात जामीनपात्र असलेल्या गुन्ह्यासाठी पोलीस दारात येतात. गावात त्या दिवशी जे नाव खराब होते, ते निर्दोष सुटल्यावरही धुऊन निघत नाही.

यावर उपाय आहेत, असे कुणी म्हणेल. ते आम्ही रोज वापरतो, म्हणून त्यांच्या मर्यादाही सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 228 खाली हजेरी माफीचा अर्ज करता येतो. तो मंजूर करणे दंडाधिकाऱ्यांच्या मर्जीवर आहे आणि त्यासाठी तिथला वकील लावावाच लागतो. कलम 530 मुळे कामकाज इलेक्ट्रॉनिक मार्गाने करता येते, पण कोणत्या न्यायालयात कोणत्या टप्प्याला ते चालेल हे एकसारखे नाही. गोव्यातून गेलेल्या एका खटल्यात सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकच्या खटल्यांसाठी सूचना दिल्या. त्यात समन्सबरोबरच ऑनलाइन पैसे भरण्याची सोय करायला सांगितली आहे आणि समन्स बजावल्यानंतर प्रत्यक्ष हजेरीची माफी कारण असेल तेव्हाच द्यावी, असेही म्हटले आहे. खटले तुंबल्यामुळे हे करावे लागले, हे आम्हाला समजते. पण कर्जदाराच्या बाजूने पाहिले तर पैसे भरणे घरबसल्या होते आणि 'मी हे देणे लागत नाही' हे सांगायला मात्र रेल्वेने जावे लागते.

राहिला खटला वर्ग करण्याचा मार्ग. एकाच राज्यातला खटला असेल तर उच्च न्यायालय तो हलवू शकते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचा तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 446 खाली थेट सर्वोच्च न्यायालय. पन्नास हजारांच्या चेकसाठी दिल्लीत वकील लावून अर्ज करणे कुणाला परवडेल? मार्च 2025 मध्ये कोईमतूरच्या एका व्यावसायिक संस्थेने चंदीगडचा खटला कोईमतूरला नेण्याची मागणी केली, ती फेटाळली गेली. कलम 142(2) प्रमाणे चंदीगडच्या न्यायालयाला अधिकार आहे आणि केवळ गैरसोय हे वर्ग करण्याचे पुरेसे कारण नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायदा जसा लिहिला आहे तसा न्यायालयाने वाचला. म्हणूनच आमचे पत्र न्यायालयाला नाही, कायदा लिहिणाऱ्यांना आहे.

तिसरी तक्रार मोबाइलवरच्या कर्जांची. चेक नसतोच, खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची संमती असते. खात्यात पैसे नसल्याने ती परत आली की पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 चे कलम 25 लागते आणि चेकच्या प्रकरणातल्या तरतुदी 'परिस्थिती जितकी मुभा देईल तितक्या' लागू होतात. चेक 'वटवायला दिला' ती शाखा शोधायची सवय असलेला नियम इथे कसा लावायचा? ही संदिग्धता कर्जदाराच्या बाजूने सुटण्याची शक्यता किती, हे आपणच सांगावे.

चौथी तक्रार करारातल्या कलमांची. 'या करारातून उद्भवणारे वाद फक्त अमुक शहरातील न्यायालयांच्या अधिकारात राहतील.' 1971 च्या हकम सिंग निकालापासून नियम असा, की ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही त्याला तो करारानेही देता येत नाही. दोन ठिकाणी अधिकार असेल तर त्यातले एक मात्र निवडता येते. म्हणून करारावर 'हा करार चेन्नई येथे अंतिम झाला' अशी छापील ओळ असते आणि मुद्रांकही तिथलाच. दाव्यास कारण अंशतः तिथे घडले, हे दाखवण्याची ही तयारी आहे. कर्जदाराने त्या न्यायालयात जाऊन पहिल्याच टप्प्यावर, मुद्दे निघण्याआधी हरकत घेतली नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 21 प्रमाणे ती पुढे ऐकली जात नाही. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करायचा अर्ज 30 दिवसांत, त्याच न्यायालयात. आणि अंमलबजावणीची दरखास्त आमच्या तालुक्यात येते तेव्हा इथले न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जाऊन तो बरोबर की चूक हे बघू शकत नाही.

लवादात हे आणखी तीव्र आहे. लवादाचे स्थान करारात ठरलेले, म्हणून निवाड्याला आव्हान लवाद कायद्याच्या कलम 34 खाली तिथल्याच न्यायालयात, तीन महिन्यांत आणि फार तर आणखी 30 दिवसांत. निवाड्याची अंमलबजावणी मात्र, 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, कर्जदाराची मालमत्ता जिथे असेल तिथे थेट करता येते. म्हणजे वित्तसंस्था जप्तीसाठी उदगीरला येऊ शकते आणि कर्जदाराने जप्ती टाळायला चेन्नईला जायचे. एकाच कागदावर दोघांच्या सह्या असताना अंतर फक्त एकालाच लागू पडते.

दुर्बळ बाजूच्या गावी खटला चालवणे कायद्याला नवीन नाही, हे आपल्या ध्यानात आणून द्यायचे आहे. मोटार अपघाताची भरपाई 1994 च्या सुधारणेपासून दावेदार जिथे राहतो तिथे मागता येते. 2003 पासून पत्नीला ती राहते तिथे हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करता येतो. सासरी छळ झालेली स्त्री माहेरी आश्रयाला आली तर फिर्याद तिथेही चालते, हे रूपाली देवी प्रकरणात 2019 साली ठरले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 प्रमाणे ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार होते. (अन्याय्य करारांबद्दलची तक्रार मात्र जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगापासून सुरू होते. म्हणून करारातल्या स्थळाच्या कलमाविरुद्ध हा दरवाजाही गावापासून लांबच आहे.) आणि गव्हर्नर महोदय, आपल्याच बँकेने 12 नोव्हेंबर 2021 रोजी एकात्मिक लोकपाल योजना आणताना लोकपालांच्या क्षेत्रांची विभागणी काढून टाकली, देशातून कुठूनही तक्रार घेतली. ग्राहकाला अंतराचा त्रास होतो हे बँकेने तिथे मान्य केले. 18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, तेही सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचावी म्हणून. अपिलासाठी मुंबई लांब म्हणायची, आणि पहिल्याच तारखेला दुसऱ्या राज्यात जायला सांगायचे, हे एकत्र बसत नाही.

आमच्या मागण्या.

सचिव महोदय, कलम 142(2) ला पुढील आशयाचे परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, जोडावे: चेक ज्याच्या नावाने आहे ती संस्था बँक किंवा रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील वित्तसंस्था असेल आणि चेक देणारी व्यक्ती अथवा सूक्ष्म उद्योग असेल, तर फिर्याद कर्ज ज्या शाखेतून दिले त्या शाखेच्या, आणि कर्ज डिजिटल असेल तर करारात नोंदलेल्या कर्जदाराच्या पत्त्याच्या स्थळसीमेतील न्यायालयातच करावी. हाच नियम 2007 च्या कायद्यातल्या कलम 25 च्या प्रकरणांना स्पष्ट शब्दांत लावावा. चालू खटल्यांसाठी 2015 मध्ये कलम 142-अ आणून ते वर्ग केले होते, तशीच तरतूद पुन्हा करता येईल. बागायतदार, दुकानदार, मजूर यांच्या फिर्यादींना याने धक्का लागत नाही.

गव्हर्नर महोदय, संसदेची वाट न पाहता आपल्याला बरेच करता येईल. खाते जिथे तिथे न्यायालय, हाच कायदा असेल तर खाते कुठे असावे हे सांगणे आपल्या हातात आहे. किरकोळ कर्जाचे चेक आणि हप्त्यांच्या संमती, कर्ज ज्या जिल्ह्यात दिले तिथल्या शाखेतील वसुली खात्यामार्फतच सादर कराव्यात, असे निर्देश द्यावेत. शेकडो खाती सांभाळणे संस्थांना जड जाईल, हे आम्ही जाणतो. तसे असेल तर सुरुवातीला निदान प्रत्येक राज्यात एक खाते सक्तीचे करावे. खटला लातूरऐवजी पुण्यात चालला तरी तो वर्ग करायला मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद, नागपूर किंवा कोल्हापूरचे पीठ गाठता येते, दिल्ली नव्हे. निम्मा प्रश्न तिथेच हलका होईल.

ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरण, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, सक्तीचे आहे, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचे आहे. त्यात वसुली प्रतिनिधींचे कलम कोणते, तक्रार कुणाकडे करायची, हे लिहावे लागते. खटला कोणत्या शहरात चालेल, यासाठी रकाना नाही. तो घालावा: वसुली खात्याची शाखा, दिवाणी दाव्याचे न्यायालय, लवादाचे स्थान. तीन ओळी, मराठीत. सही करण्याआधी माणसाला 'चेन्नई' हा शब्द दिसू द्या.

किरकोळ कर्जाच्या करारात लवादाचे स्थान कर्जदाराच्या जिल्ह्याबाहेर ठेवण्यास मनाई करावी. आणि हे सगळे होईपर्यंत नियमनाखालील प्रत्येक संस्थेने आपल्या वकिलांना दोन लेखी सूचना द्याव्यात: दुसऱ्या राज्यातल्या कर्जदाराच्या हजेरी माफीच्या आणि दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याच्या अर्जाला हरकत घ्यायची नाही, आणि फिर्याद दाखल होताच तिचा सीएनआर क्रमांक (खटल्याचा ऑनलाइन शोधता येणारा क्रमांक), न्यायालयाचे नाव व पुढची तारीख कर्जदाराच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत कळवायची. हप्त्याची आठवण याच संस्था महिन्यातून चार वेळा त्याच मोबाइलवर पाठवतात.

शेवटची मागणी माहितीची. कोणत्या संस्थेने किती किरकोळ कर्जदारांवर, ते राहतात त्या राज्याबाहेर किती फिर्यादी केल्या, हे आकडे संस्थांकडून दरवर्षी मागवून रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध करावेत. ते समोर आले की आमचे म्हणणे खरे की अतिशयोक्त, हे आपल्यालाच ठरवता येईल.

या मागण्यांवर आपण काय करणार, हे दोन्ही कार्यालयांनी लेखी कळवावे. परंतुकाचा मसुदा, अशा समन्सच्या नावे झाकलेल्या प्रती आणि करारातल्या स्थळविषयक कलमांचे नमुने आम्ही एकत्र केले आहेत. आपण मागाल त्या दिवशी पाठवू.

आपले,
मराठवाड्यातील तालुका न्यायालयांत काम करणारे काही वकील